नबाबाचं आभाळ

३ सप्टेंबर, मंगळवार

आमोदने हो म्हटलं! नोव्हेंबरच्या अखेरीपासून आठवडाभर त्याची गॅलरी आपली.

"डॉक्टर, पुण्यात कोण येणार हो दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची टवाळी बघायला?" हे त्याचं पालुपद गेली दोन वर्षं ऐकतोय. आज वाद घातलाच नाही. पेटी घेऊन गेलो आणि टेबलावर व्यंगचित्रांची एकेक जुनी प्रिंट मांडत गेलो. नाडी सोडून रोग्याच्या खिशातलं घड्याळ न्याहाळणारा जाडा डॉक्टर आला आणि आमोद हसला. पिसांची टोपी घालून दारातून आत न शिरणारी बाई आली, तेव्हा त्याने नोकराला चहा सांगितला. म्हटलं, आता पडला हा!

शेवटी नबाब काढला. आमोदने चहा बाजूला सरकवला. "निमंत्रणावर हेच घ्यायचं." अर्थात हेच. मी काय दुसरं सुचवणार होतो?

३५ वर्षं एक्स-रेच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मा वाचल्या. सावली कुठे खरी, कुठे खोटी, हे मला बाकीच्यांच्या आधी दिसायचं. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. मी रंग जमवायला घेतले.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज सुहानाला नबाब दिला. तिची पहिली केस!

पोरीने हिंजवडीची चांगली नोकरी सोडली. दिल्लीला जाऊन जुने कागद दुरुस्त करायला शिकली आणि आता सदाशिव पेठेत एका क्लासच्या वर खोली घेऊन बसलीय. खाली मुलं प्रमेयं घोकतात, वर ही कागदाला अंघोळ घालते. मला आधी पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण खोली बघितली आणि मत बदललं. टीपकागदांच्या चळती, मऊ ब्रश, उन्हाकडे पाठ केलेलं टेबल. काम नीट मांडून करते. माझ्यासारखीच.

नबाबाची तक्रार जुनीच आहे. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा मी तो उचलला, तेव्हाच तो एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. कुणा साहेबाची अक्कल! पुठ्ठ्याचं आम्ल आता कागदात उतरतंय, कोपरे तपकिरी पडलेत. पुठ्ठा सोडवायचा, खळ काढायची, कागद जपून पाण्याने साफ करायचा. सुहानाने सगळं समजावलं. मला माहीत होतं, तरी समजावू दिलं.

"अब्बा, थोडा पिवळेपणा जाईल हं. रंग मी आधी ठिपक्या-ठिपक्यांनी तपासून घेईन."

"आभाळाला जपायचं," म्हटलं. तेवढंच सांगितलं.

ते आभाळच तर खरं चित्र आहे. हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेला कंपनीचा साहेब (असल्यांना तिकडे 'नबाब' म्हणायचे) तराजूच्या एका पारड्यात बसलाय. दुसऱ्या पारड्यात त्याचं सगळं गाव, पाद्री, गाई, चर्चची घंटा. तरी साहेबाचंच पारडं जमिनीला टेकलंय! लोक हसतात ते त्याला बघून. मी बघतो ते वरचं आभाळ. मुरलेलं, हिरवट, शिळ्या चहात एक थेंब निळं पडावं तसं. लंडनच्या कुठल्याशा कारखान्यात बायका-पोरं ओळीत बसून हे रंग भरायची. एकीने आभाळ भरायचं, दुसरीने कोट. त्या आभाळवालीला हात होता!

बायकोचं, म्हणजे अख्तरचं, मत: "तुमचा तो ढेरपोट्या गेला तर भिंत जरा श्वास घेईल." तिला पोपटाचं चित्र आवडतं. प्रत्येकाची पोच.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे स्पीकर. कान बंद, डोळे उघडे. बाकीच्या चित्रांची मांडणी कागदावर पूर्ण केली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मिरवणूक संपली, रस्ते मोकळे झाले. श्रीधर फ्रेमवाले टेम्पो घेऊन आले आणि नबाब सोडून बाकी सगळी चित्रं घेऊन गेले. नव्या फ्रेमा, नवे माउंट. दिवाळीनंतर मिळतील म्हणाले. दिवाळी यंदाचीच ना, असं विचारून घेतलं. श्रीधर हसले नाहीत.

भिंतींवर आता नुसते खिळे. अख्तर खूश.

चष्म्याचा नंबर पुन्हा बदललाय असं वाटत होतं म्हणून संध्याकाळी नम्रताकडे गेलो. ही माझ्या हाताखाली इंटर्न होती, आता डोळ्यांची मोठी डॉक्टर झालीय. मोतीबिंदू! दोन्हीकडे. उजवा जास्त पिकलाय. मी म्हटलं, मला व्यवस्थित दिसतं. ती म्हणाली, "सर, सगळ्यांना तसंच वाटतं."

मी सगळ्यांतला नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. पण प्रदर्शनाआधी उरकून टाकू. उजवा पुढच्या आठवड्यात, डावा नोव्हेंबरमध्ये.

२४ सप्टेंबर, मंगळवार

झालं ऑपरेशन. उगाच बाऊ करतात लोक. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावलीय. एका डोळ्याने लिहितोय, ओळी तिरक्या जातायत.

२८ सप्टेंबर, शनिवार

काय दिसतंय! लांबच्या गच्चीवरच्या टाकीवरचं नाव वाचलं. अख्तरच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "केस कधी इतके पांढरे झाले तुझे?" त्यावर ती उर्दूत जे बोलली, ते मराठीत लिहिलं तर निम्मंच झोंबेल. सोडून देतो.

नम्रता म्हणाली होती, थोडे दिवस रंग वेगळे वाटतील. हे वाक्य ती सगळ्याच पेशंटना म्हणत असणार. भिंग नवीन आहे, मेंदू जुना आहे आणि तो तयार आहे. दोनच दिवसांत सवय झाली.

सकाळी मंडईत गेलो होतो. वांगी! असा जांभळा रंग कुणी भाजीत ठेवला? उभा राहून बघत बसलो. भाजीवाली म्हणाली, "काका, घ्यायची का नुसती नजर लावायची?" घेतली. अख्तरने भरली वांगी केली नाहीत, भरीत केलं. सगळा जांभळा भाजून टाकला.

६ ऑक्टोबर, रविवार

पेन टेबलावर आपटलं. रागाने.

सुहाना दुपारी नबाब घेऊन आली. बिचारी अगदी फुललेली. टेबलावर कापड अंथरलं, वरचा कागद अलगद काढला आणि बाजूला झाली. मी काय बोलतो याची वाट बघत.

आभाळ गेलंय.

पांढराफटक कागद. त्यावर निळं—डिटर्जंटच्या पाकिटावर असतं तसलं निळं! साहेबाचा कोट गुलाबी आइस्क्रीम. मुरलेपणा नाही, वय नाही, काही नाही. काल छापलंय म्हणून कॅलेंडरच्या दुकानात टांगलं तर खपेल.

"ब्लीच वापरलंस?"

तिला आधी कळलंच नाही. "काय? नाही अब्बा! फक्त पाणी. तेही टीपकागदातून. बुडवलंसुद्धा नाही."

"मग पाणी जास्त झालं. मी १५ वर्षं रोज सकाळी हे चित्र बघतोय, सुहाना."

तिने फोन काढला. आधीचे फोटो, नंतरचे फोटो. दाखवत राहिली. फोनमध्ये दोन्हीकडे आभाळ निळंच! म्हटलं, "फोनचा कॅमेरा डबक्यालाही निळं करतो. मी डोळ्यांनी बघतोय."

अख्तर मध्ये पडली. "मला तर तसंच वाटतंय. जरा स्वच्छ झालंय एवढंच." मी म्हटलं, तुला नबाब कधी आवडलाच नव्हता, तुला काय कळणार? ती उठून आत गेली.

सुहाना बराच वेळ वाकून चित्राकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मी परत तपासते." चहा न घेता गेली. नबाबाला मीच ठेवून घेतलं. पुन्हा पाण्याच्या जवळसुद्धा जाऊ देणार नाही.

ओरडलो नाही मी. आवाज चढवलाच नाही. रिपोर्टमध्ये जे दिसतं ते लिहायचं असतं, पेशंट जवळचा असला तरी.

७ ऑक्टोबर, सोमवार

आमोदला फोन. निमंत्रणावर नबाब नको, पोपट घे. "का हो?" "आजारी आहे."

९ ऑक्टोबर, बुधवार

सुहानाचा फोन. आवाज बसलेला.

"अब्बा, मी फोटो परत बघितले. खूप वेळा. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. आभाळाचा वरचा भाग... गेलाय तिथला रंग. एक टीपकागद मी लवकर बदलायला हवा होता. माझी चूक झाली."

मला बरं वाटलं. चित्र परत येणार नाही, पण मुलगी सरळ आहे. मी पण ताणलं नाही. म्हटलं, बेटा, चुका सगळ्यांच्या होतात, माझ्याही पहिल्या वर्षी झाल्या. दिसली ना तुला चूक? मग झालं तर. नजर तयार होतेय.

लहानपणी तिला खिडकीशी उभी करून जुन्या फिल्मा दाखवायचो. यात फ्रॅक्चर कुठंय, सांग. बोट चुकीच्या जागी ठेवलं की मी "नीट बघ" म्हणायचो. नीट बघितलं की तिला सापडायचं. नेहमी सापडायचं. ती शिकवण वाया नाही गेली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सुहाना कंपनीत परत गेली. जुन्या टीमलीडने बोलावून घेतलं म्हणे. खोली महिनाअखेर सोडणार. टेबल कुणा विद्यार्थ्याला दिलं.

अख्तर सकाळपासून माझ्याशी कामापुरतं बोलतेय. मी काय केलं? मी सोड म्हणालो का? निर्णय तिचा तिने घेतला. खरं सांगायचं तर शहाणपणाचाच आहे. ज्या कामात पहिल्याच घासाला खडा लागतो, त्यात जन्म घालवायचा का, हा विचार माणसाने वेळीच करावा. शनिवार-रविवारी छंद म्हणून करेल. मी नाही का करत?

ईमेलवर एका इंग्लंडच्या दुकानदाराने नवीन प्रिंट दाखवली. दोन न्हावी एकाच राजपुत्राची दाढी दोन बाजूंनी करतायत, मध्ये नाक उडालंय! मागवावी का?

नाही. इच्छा नाही आज.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. शेजाऱ्यांकडून फराळ. सुहाना दोन तास येऊन गेली. ऑफिसच्या बसच्या गोष्टी सांगितल्या, वाकडला किती वेळ अडकते वगैरे. पाठ होती पूर्ण वेळ भिंतीकडे. नबाब तिथे होता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हे नीट लिहायचंय. घाई न करता.

सकाळी श्रीधर सगळी चित्रं घेऊन आले. फ्रेमा सुरेख. पहिलं वेष्टण मी सोडलं. नाडीवाला डॉक्टर. पांढराफटक! दुसरं. पिसांच्या टोपीची बाई. पांढरीफटक, आणि पिसं असली हिरवी की डोळे दिपावेत. तिसरं. तेच.

मी श्रीधरना म्हणालो—आणि हे आता लिहितानाही अंगावर येतंय—"तुम्ही ही धुतलीत?"

श्रीधरनी हातातली दोरी गुंडाळून खिशात घातली.  मग म्हणाले, "डॉक्टर, मी फ्रेम करतो. लाँड्री समोर आहे."

आणि अख्तर दारातून: "सगळं शहर मिळून तुमचीच चित्रं धुवायला बसलंय का हो?"

तेव्हा कुठे थांबलो.

श्रीधर गेले. मी पोपटाचं चित्र खिडकीशी नेलं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्याने, म्हणजे जुन्याने, पाहिलं. कागद सायीसारखा, पानं मुरलेली, सगळं जिथल्या तिथे. हात बदलला. उजव्याने पाहिलं. पांढरं, झगझगीत.

पुन्हा जुना. पुन्हा नवा.

नबाबाकडे गेलो. जुन्या डोळ्याने. आभाळ तिथेच होतं! हिरवट, शिळ्या चहाचं. जसं १५ वर्षं होतं तसं. जरा उजळ, म्हणजे पोरीने म्हटलं होतं तेवढंच. कुठेही रंग गेलेला नाही. एक कणही नाही. नव्या डोळ्याने तेच आभाळ निळं.

म्हणजे जो मुरलेपणा मी जपत होतो, लोकांना समजावून सांगत होतो, तो कागदात नव्हताच. माझ्या भिंगात होता! नम्रताने सांगितलं होतं. मी डॉक्टर आहे, मला सांगायची गरजही नव्हती. मोतीबिंदू पिवळा असतो आणि पिवळ्यातून बघितलं की निळं हिरवं होतं, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला येतं.

आधी हसू आलं. खरंच. मोठ्याने हसलो. चित्र वाचलंय! मुलीचं काम निर्दोष आहे! पहिली केस आणि डाग नाही! लगेच फोन लावला.

"सुहाना, अगं काही झालेलंच नाही! माझा डोळा होता तो! तू अगदी बरोबर केलं होतंस!"

तिकडे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

"हॅलो?"

"मीटिंगमध्ये आहे, अब्बा." ठेवला.

अख्तर बाजूलाच उभी होती. "तुम्हाला काय वाटलं, नाचेल ती?"

हो. तसंच वाटलं होतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

फोन नाही. मेसेज नाही.

आमोदला सांगून निमंत्रणावर नबाब परत घेतला. छपाई सुरू व्हायची होती, वाचलो. कार्डावर एक ओळ वाढवायला सांगितली: कागद-संवर्धन, सुहाना. ठळक अक्षरात. हे बघितल्यावर रुसवा राहणार नाही. श्रीधरनाही फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "चालायचंच. लाँड्रीवाल्याला सांगतो."

१० नोव्हेंबर, रविवार

आली. निमंत्रणाचा नमुना मी टेबलावर वर दिसेल असाच ठेवला होता. तिने वाचला.

"माझं नाव काढा."

मी हसत म्हटलं, अगं हक्काचं आहे ते. तू चुकली नव्हतीस.

"मग मी चूक कबूल का केली, अब्बा?"

मला वाटलं हा प्रश्न मला नाहीये. पण ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, माझं मन राखायला असेल. मोठ्यांशी वाद नको म्हणून.

"नाही." ती खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर तशीच. "मला खरंच दिसलं होतं. पहिल्या दिवशी फोटोत काहीच नव्हतं. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, सगळं जिथल्या तिथे होतं. पण मी स्वतःला म्हटलं, नीट बघ. तुम्ही म्हणायचात ना, नीट बघ. मग बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शंका आली. तिसऱ्या दिवशी दिसलं. आभाळाचा वरचा भाग फिका पडलेला. चक्क दिसत होता. तुम्ही म्हणालात आणि मला दिसलं."

अख्तर आतून आली होती. ती सुहानाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मी म्हणालो, "माझा डोळा नवा होता, बेटा. मला तरी कसं—"

"डोळ्याचं सोडा हो. डोळ्याला तुम्ही काय करणार? पण तुम्ही मला एकदा तरी विचारायचं. तुला काय दिसतंय, असं."

खरं आहे. विचारलं नाही. आयुष्यात किती वेळा विचारलं असेल? खिडकीशी उभी करून विचारायचो ते प्रश्न नव्हते. उत्तर माझ्याकडे असायचं आणि तिने ते शोधायचं असायचं.

माफी मागितली. सरळ, मधे 'पण' न घालता. मला जमतं असं वाटलं नव्हतं, जमलं. तिने मान हलवली. रडली वगैरे नाही. म्हटलं, आता कार्डावर नाव राहू दे. माझ्यासाठी.

"तेव्हा तुम्ही सांगितलंत म्हणून काम वाईट. आता तुम्ही सांगताय म्हणून चांगलं. यात माझं काम कुठंय, अब्बा?"

जेवून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली. माझ्या खांद्याला हात लावला, फार वेळ नाही.

नाव काढायला आमोदला मेसेज केला. तो म्हणाला, डॉक्टर, तुम्ही एकदा काय ते ठरवा हो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डावा डोळा. शेवटचं एकदा, सकाळी निघण्याआधी, नबाबासमोर उभा राहून जुन्या डोळ्याने आभाळ पाहून घेतलं. सुंदर होतं. पण ते माझं होतं, त्या लंडनच्या बाईचं नव्हतं. मग नम्रताकडे गेलो आणि म्हटलं, काढून टाक.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन्ही डोळे नवे. सगळी चित्रं पहिल्यापासून बघतोय. फसवणूक झालीय का माझी? अजिबात नाही! ही माणसं किती धीट होती! गुलाबी म्हणजे गुलाबी, पिवळा म्हणजे पिवळा. राजाची टिंगल करायची आणि ती दुकानाच्या काचेत लावायची, रस्त्यावरच्या हमालाला लांबून दिसली पाहिजे. तिथे शिळा चहा काय कामाचा? मी एवढी वर्षं दंगा बघत होतो आणि त्याला मैफल म्हणत होतो.

प्रदर्शनात सांगायचं भाषण फाडून नवीन लिहिलं. आधीच्यापेक्षा चांगलं आहे. भाषणाबद्दल मला शंका नसते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्घाटन. गर्दी! आमोद दर पाच मिनिटांनी माझ्या कानात "मी म्हणत होतोच" म्हणून जात होता. काहीही म्हणत नव्हता तो.

तरुण मुलं फार आली. फोटो काढतायत, हसतायत. एक जण साहेबाच्या पारड्याकडे बोट दाखवून मित्राला म्हणाला, "अरे, हा तर आपला मॅनेजर!" दोनशे वर्षांनी विनोद पोचला. याहून काय हवं?

सुहाना उशिरा आली, ऑफिसमधून थेट, गळ्यात अजून ओळखपत्राची पट्टी. कोपऱ्यात आईजवळ उभी राहिली.

एक गृहस्थ नबाबासमोर बराच वेळ उभे होते. जाणकार दिसले. मला म्हणाले, "हा निळा मूळचा का हो? की नंतर कुणी भरलाय?"

उत्तर जिभेवर होतं. पूर्ण. तारखेसकट. तोंड उघडलंसुद्धा.

"मला सांगता येणार नाही," म्हणालो. "तो कागद हाताळलाय तो माझ्या मुलीने. ती बघा, तिथे उभीय."

ते तिच्याकडे गेले. मी मुद्दाम दुसरीकडे वळलो, पिसांच्या बाईसमोर उभा राहिलो. पण कान तिकडेच, आणि तिरके डोळेही. सुहाना आधी अडखळली. मग त्यांना नबाबाजवळ घेऊन आली, वाकून काहीतरी दाखवलं, कागदाच्या तंतूंत रंग कसा मुरतो ते हाताने करून सांगितलं. ते गृहस्थ चष्मा काढून जवळ गेले. एकदा ते म्हणाले, "मला नाही तसं वाटत." मी टोपीवरची पिसं मोजू लागलो. सुहाना म्हणाली, "मला वाटतं." आणि पुढे बोलत राहिली.

माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पेपरात चार ओळी. माझं नाव चुकीचं छापलंय. मुनीर! अख्तरला आज सकाळपासून मुनीरमियाँ चहा करून देतायत.

८ डिसेंबर, रविवार

प्रदर्शन उतरलं. दुपारी सुहाना आली. नबाब खिडकीशी नेला, तिरका धरला, पुष्कळ वेळ बघितलं. मी विचारलं, "तुला काय दिसतंय?"

"आभाळाच्या कडेला खळ राहिलीय. बारीक डाग आहे. परत पाण्यावर घ्यायला लागेल."

मी पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. चष्मा लावून, भिंग लावून. मला डाग दिसला नाही.

"घे," म्हटलं.